विंगेतून

अठ्ठावीस वर्षं मी विंगेत उकिडवा बसतो.
मांडीवर वही, वहीवर टॉर्च, टॉर्चला रुमाल.
नट अडला की पुढचं वाक्य कुजबुजायचं.
पहिल्या सतरंजीपर्यंतही
आवाज जाता कामा नये.
एवढंच माझं काम.

मंडईच्या रात्री नाटकाआधी उद्घाटन असतं.
पोस्टरवर नायिकेपेक्षा मोठे सतरा फोटो:
उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वलक, विशेष उपस्थिती.
नीळकंठभाऊ दरवर्षी सगळ्यांच्या वर.
त्यांना वही लागत नाही.
मी मात्र त्यांचीही वाक्यं उतरवून घेतो
दोन अंकांमधल्या कोऱ्या पानांवर,
का ते विचारू नका, हाताला सवय.

सहा मंडया झाल्या असतील.
कापलेल्या बांधीत, धसकटांवर पोती टाकून
गाव बसलेलं, कानाला मफलर.
भाऊ म्हणाले,
"लढाई पाह्यजे म्हननाऱ्यायनं
आपला पोरगा पयले पाठवावा!
इथून पर्बताबाईचा दुर्योधन जाते,
अन् त्यायचे पोट्टे पुन्याले शिकाले जातेत."
'आपला' म्हणताना भाऊंनी
हात स्वतःच्या छातीवर ठेवला होता.
टाळ्या. मी कंसात लिहिलं: टाळ्या.
पर्बताबाईनं सोलता सोलता
हातातला शिंगाडा खाली ठेवला.

तेव्हा भाऊ विरोधात होते.

यंदा गाडी पांढरी, मागे आणखी पाच.
यंदा भाऊ म्हणाले, किती सोसाचं?
एकदाचा निकाल लावाच,
रगताचा हिसाब रगतानं.
आवाज तोच.
दम घ्यायच्या जागा त्याच.
घड्याळ तेवढं नवं.
आणि टाळ्या, काय सांगू तुम्हाला,
त्याच हातांच्या, तेवढ्याच.
त्यात एकदा माझेही हात होते,
वही मांडीवरून घसरली तेव्हा कळलं.

मग भाऊ अडखळले.
"अन् लढाई पाह्यजे म्हननाऱ्यायनं..."
जुनी ओळ जिभेवर आली असावी,
बैल गोठ्याकडे वळतो तशी.
मधे शांतता. जनरेटरची घरघर.
कुणीही अडलं की माझे ओठ आपोआप हलतात.
विंगेतून मी म्हणालो,
आपला पोरगा पयले.

भाऊंनी वळून पाहिलं, अंधारात, नेमकं माझ्याकडे.
मग माईक जवळ घेतला.
"आपला पोरगा पयले!"
एक शब्द बदलला नाही.
फक्त छातीकडे निघालेला हात
वाटेतच उलटा झाला
आणि गावाकडे वळला,
दुसऱ्या रांगेतल्या पोरांकडे,
भरतीसाठी पहाटे डांबरी सडकेवर धावणाऱ्या.
"आपला पोरगा! सगळ्यायच्या पयले!"
पोरं उभी राहिली. शिट्ट्या.
मला आजवर कुणा नटानं
इतकं चोख उचललेलं नाही.

नाटक झालं. दुसऱ्या अंकात केवळराम दोनदा अडला,
दोन्ही वेळा मी पान चुकलो.
लोक हसले. रडायच्या प्रवेशाला हसले.

पहाटे पाचला पडदे उतरवताना
पर्बताबाई स्टेजमागे आली.
दुर्योधन सुट्टीवर येणार होता दिवाळीला.
आला नाही, एवढंच गावाला ठाऊक.
"बाबू, मांगचं हाय का तुमच्या वहीत?
भाऊ त्या खेपेले बोलले थे?"
हाय, म्हटलं.
तीन वह्या उलटल्या. चहा सांडलेलं पान निघालं.
"वाचा न मंग."
वाचलं.

"आयकू नाई आलं."
पुन्हा वाचलं.
"अवो, जोरानं वाचा न. पोट्टे हायेत अजून तिकडं."

सतरंज्या झटकत होती ती पोरं.
साउंडवाला वायर गुंडाळत गुंडाळत
माईकपर्यंत पोचला होता.
थांब रे जरा, असं मी त्याला म्हणालो.
म्हणजे ओठ हलले.
त्यालाही ऐकू गेलं नाही.

मी घसा खाकरला.