विषय : एका जोडीतली दोन मापं

माननीय संपादक,
एवढं लिहून मी तासभर बसले.
समोर फर्म्यांच्या फळ्या, डाव्यांची एक, उजव्यांची एक,
आणि सोल्यूशनच्या वासानं भाचीनं डोकं धरलेलं.
ती म्हणाली, आत्या, माननीय काढ, मॅडमचं नाव घाल,
आणि पहिल्या ओळीतच पकड त्यांना.
मला रापी पकडता येते. ओळीत माणूस कसा पकडतात?

तरी लिहिलं :
मी प्रमिला व्हटकर, ठक्करबाप्पा कॉलनी.
डावी पाच आणि उजवी सात अशी जोडी शिवते
एकाच जोडीच्या भावात.

भाची म्हणाली, यात गोष्ट कुठाय?

गोष्ट काझीसरांच्या पलंगाखाली आहे.
लहानपणी पोलिओ, मग तीस वर्षं भूगोल शिकवला.
दर जूनला दुकानातून दोन जोड घ्यायचे,
यातली डावी, त्यातली उजवी.
उरलेल्या तशाच पडून. कोऱ्या.
कागदाचे बोळे अजून पोटात.
एकदा चादर उचलून दाखवलं त्यांनी मला.
मी मोजायला लागले आणि थांबले.

एवढ्यातच दीडशे शब्द संपले.
मासिकाचं माप दीडशेचं.
कातड्याचा तुकडा वाया न घालवणारी बाई मी,
पण त्या रात्री पायाशी पडला तेवढा कचरा
कधी पडला नव्हता.
‘नम्र विनंती’ गेली. ‘पिढीजात’ गेलं.
वडील गेले,
दुसऱ्यांदा.

सोमवारी त्यांची बैठक असते,
शुक्रवारी कुणी फोन उचलत नाही,
मंगळवारी अकरानंतर विचारावं
हे कळायला मला तीन महिने लागले.
प्रभादेवीहून एक मुलगी बोलायची, आवाज गोड.
ताई, संघर्ष आहे का काही?
म्हणजे नवऱ्यानं सोडलं, कर्ज, असं?
नवरा शेजारीच टाच ठोकत होता.
फोनवर हात ठेवून मी विचारलं,
सोडतोस का? दोन पानं मिळतील.
तो म्हणाला, रंगीत?

आलं एकदाचं, दिवाळी अंकात.
पान एकशे बारा, भेटवस्तूंची चौकट,
या बाजूला उटणं, त्या बाजूला मेणबत्त्या.
माझं नाव प्रतिभा.
आणि फोटो असा कापलेला
की डावी आहे, उजवी नाही.
खाली लिहिलंय, हातानं शिवलेल्या आकर्षक चपला.
पाच नाही, सात नाही, काझीसर नाहीत.
नंबर तेवढा बरोबर.

भाची रडायला लागली.
नवऱ्यानं पान कापून काचेखाली सरकवलं,
म्हणाला, आलं ना.
मी त्याच रात्री दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं,
या वेळी माननीय न म्हणता.

भाऊबीजेला दुपारी फोन.
मी टेमकर, शिवडीहून.
फोटोत एकच दिसतेय.
मी सांगायला लागले, अहो ती छापणाऱ्यांची चूक,
आपल्याकडे पूर्ण जोड...
नाही हो, ते म्हणाले, विचारतो एवढंच,
एकच मिळते का? डावी.
उजवा गोदीतच राहिला.
दुकानदार म्हणतात, दोन्ही घ्या, एक टाका.
टाकवत नाही.

एकटीचा भाव मी कधी काढलाच नव्हता.
निम्मा म्हणावा, तर कातडं निम्मं लागतं,
हात दोन्ही लागतात.
सांगते म्हटलं. माप विचारलं.
नऊ.
डाव्यांच्या फळीवर शेवटचा फर्मा,
वर्षभर कुणी हलवला नव्हता,
फुंकर मारली तर धूळ नवऱ्याच्या चहात.

पत्र तसंच अर्धं पडलं होतं.
प्रतिभा नव्हे, प्रमिला, एवढं राहू दिलं.
फोटोबद्दलची ओळ
रापी हातात होतीच, तिनंच कापली.