शिट्टी

शिरोलीच्या त्या फौंड्रीत
रोज दुपारी दोन चाळीसला
धुराचा ब्लोअर बसायचा.
बाबगोंडाअण्णा फोनवर म्हणाले,
"उद्या-परवा नको, आत्ताच या. भट्टी भरलीय."

मार्च अर्धाही सरला नव्हता
आणि पत्रा चटके देत होता.
ड्राइव्हच्या काचेवर लाल अक्षरांत तेच ते: ओव्हरहीट.
पॅनेलचं दार सताड उघडं, समोर टेबलफॅन,
फॅनच्या जाळीला कुणीतरी
लिंबू-मिरची बांधलेली.

माझे वडील उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करायचे.
मोटरच्या पाठीवर तळहात ठेवून मोजायचे,
एक, दोन, तीन...
पाचापर्यंत हात टिकला की म्हणायचे, "चालू दे."
ड्राइव्हचं तसं नाही.
त्याला विचारावं लागतं,
आणि तो आकड्यांतच बोलतो.

करंट? एकेचाळीस. पाटीवर अठ्ठेचाळीस.
म्हणजे ओझ्यानं दमला नाही.
व्होल्टेज बरं. टर्मिनल घट्ट.
आतला पंखा फिरतोय, सुलटाच फिरतोय.
फिल्टर उपसला तर काळ्या वाळूचा थर,
भाकरीएवढा जाड, अख्खा हातात आला.
हीटसिंकच्या पात्यांतून ब्रश घातला,
ग्राफाइटनं माझी नखं काजळली.
दस्तगीर मुल्लाणी चहा घेऊन आला, म्हणाला,
"आता बगा कसा पळतोय."

दोन चाळीसला नाही बसला.
दोन बावन्नला बसला.

बारा मिनिटांची कमाई घेऊन
मी खोक्यावर बसले,
आणि एकेक पॅरामीटर खाली खाली उतरत गेले,
विहिरीच्या पायऱ्या उतरावं तशी.
तळाशी सापडलं:
स्विचिंग, बारा किलोहर्ट्झ.
कंपनीतून येतो तेव्हा चार असतो.
म्हणजे दर सेकंदाला बारा हजार वेळा वीज चिरायची,
प्रत्येक चिरेमागे नखभर ऊब,
आणि ही सगळी ऊब
या पत्र्याखाली, या दुपारी.

"हे कुणी केलं?"
सगळे आपापल्या कामाकडे बघायला लागले.
ब्लोअरशेजारी स्टूल टाकून भरमूमामा बसलेले,
भट्टीवर सव्वीस वर्षं.
"म्याच सांगितलं हुतं त्या पोराला.
माजा कान वाजतोय, बाई.
मोटरची शिट्टी आन् कानाची शिट्टी, सूर एकच.
कुठली कुठं संपती कळायचं न्हाय,
घरी गेलो तरी मोटर चालूच.
पोरानं बटणं दाबली. मोटर गप झाली.
मग कानाची तेवढी ऱ्हायली,
ती आपलीच हाय म्हटलं."

अण्णांनी घड्याळ बघितलं. काही बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.

चारवर आणलं तर ड्राइव्ह थंड, काम संपलं,
मी साडेतीनला घरी.
बोट बटणावर होतं.
सहा केले.
पॅनेलचं दार लावलं,
आणि आम्ही सगळे त्या आकड्यासमोर उभे राहिलो,
आजाऱ्याच्या उशाशी राहतात तसे.
अडुसष्ट. सत्तर. एकाहत्तर.
एकाहत्तर.
तीन वाजले. सव्वातीन. एकाहत्तर.

मोटर परत शिट्टी वाजवत होती, बारीक.
भरमूमामांनी मान तिरकी केली,
गल्लीत अनोळखी माणूस दिसल्यावर करतात तशी.
"कशी आहे?"
बराच वेळ गेला.
"ह्यी निराळी हाय," ते म्हणाले,
"माज्या कानापरास जरा वर.
वळखू येती."

बिलावर लिहिलं:
फिल्टर नग एक. सफाई. सेटिंग.
मे महिन्यात पत्र्यावर काहीतरी टाका,
हेही लिहिलं. ते टाकणार नाहीत.

टेबलफॅन ऑफिसात परत गेला.
लिंबू-मिरची कुणी सोडली नाही,
तशीच गेली त्याच्याबरोबर.