उजवा डोळा, पाताळपाणी

स्नेहलतागंजातला दवाखाना. यंत्रावर हनुवटी टेकवून
मार्तंडराव बसलेत, श्वास रोखल्यासारखे.
महू ते कालाकुंड, मीटरगेजवर गार्ड, एकतीस वर्षं.

कार्डावर मी लिहिते : कॅटरॅक्ट, उजवा.
"म्हणजे काय हो, ताई?"
धबधबा, म्हणते. जुन्या लॅटिनमध्ये.
त्या लोकांना वाटायचं, डोक्यातून पाणी उतरतं
आणि डोळ्यात येऊन थिजतं.

ते हसतात, हनुवटी निसटते.
"मग आमचं पाताळपाणीच की!
श्रावणात गाडी थांबली की खिडक्या पांढऱ्याफेक.
आणि मी आपला मोती समजून
दोन वर्षं जपत बसलो."

थेंब टाकते. झोंबतात.
"मिटून घ्या. बाहुली मोठी होऊ द्या."

हा शब्द मात्र तिकडेही बाहुलीच.
कोणी कोणाला सांगितला नसेल;
इथलं कोणी, तिथलं कोणी
कुणाच्या तरी फार जवळ गेलं असेल, एवढंच.

वीस मिनिटांनी दिवा सरकवते, वाकते.
थिजलेल्या पाण्याच्या अलीकडे
चष्मा लावलेली एक इवलीशी बाई
माझ्याकडे टक लावून बघते आहे.

मार्तंडराव विचारतात,
"दिसतंय का काही?"