सतरा नंबरचं दार

कॅलमच्या हातात प्लास्टिकमध्ये बंद केलेले फोटो.
पाऊस नाही, पण डरहॅमचं धुकं
कोटाच्या बाह्यांतून न विचारता आत शिरतंय.
आम्ही अकरा जण, एक कुत्रा,
आणि मेव्हिस हेपल, वय एक्याऐंशी,
जिनं तिकीट काढलेलं नाही.
"माझ्याच गल्लीतून चालायचे पाच पौंड?"

सुरुवात चाकापासून.
माणसांना खाली सोडणारं आणि बहुतेकांना वर आणणारं चाक,
आता अर्धं सिमेंटात, गावाच्या तोंडाशी,
हिरवा रंग दिलेलं, खाली पेटूनियाची फुलं.
तोंड आहे. पुढे गाव नाही.

कॅलम सांगतो ते बरोबर असतं:
किती फूट खोल, किती टन, बंद कधी.
तो जन्मला तेव्हा खाण बुजवून झाली होती.
बाप कोंबड्यांच्या कारखान्यात.
आकडे तो जपून हाताळतो,
शेजाऱ्यांकडून आणलेल्या कपबश्यांसारखे.

तो समोरचा डोंगर डोंगर नव्हे.
कोळशाबरोबर जे नको ते वर आलं
ते सगळं तिथे ओतत गेले साठ वर्षं.
आता त्यावर मेंढ्या चरतात.

"मग कचेरीतल्या कुणीतरी नकाशावर
विनलॉच्या नावापुढे 'डी' लिहिला,"
कॅलम म्हणतो. "म्हणजे या गावावर
यापुढे एक पेनीही खर्चायची नाही."
"शाळेत मला कधी डी मिळाला नव्हता,"
मेव्हिस म्हणते, आणि पुढे निघते.

कुरण.
"इथे स्टेबल रो होती." तो फोटो उंच धरतो,
आम्ही फोटो पाहतो, गवत पाहतो, परत फोटो.
मेव्हिस गवतात वाकून काहीतरी मोजतेय:
रुबार्बचे गड्डे.
घरं पाडली त्यांनी, परसं उकरायला विसरले.
नऊ. अकरा. तेरा ("हे लोक भांडकुदळ"). पंधरा.
सतराशी ती थांबते,
बूट गवतावर पुसते
आणि अंग चोरून आत जाते,
टेबल आणि चुलीच्या मधून गेल्यासारखी.

लाल जॅकेटवाला, लीड्सचा, तिच्या मागे निघाला.
"तिथून नको! भिंत आहे. दारातून या."
त्याचा पाय हवेत राहिला.
मग तो मागे फिरला, वळसा घालून
दारातून आला, आणि का कोण जाणे,
मान थोडी वाकवून.

मग आम्हीही, एकेक.
आठवा माणूस आत येताच ती म्हणाली, "बास.
बाकीचे बाहेर थांबा, जागा कुठे आहे?"
मी बाकीच्यांत.
म्हणून पुढचं मी भिंतीपलीकडून ऐकलं,
वारा देईल तेवढं:

विस्तवापुढे पत्र्याचा टब. शनिवार. बाप.
हात, मान, केस, सगळं ती घासून द्यायची.
पाठ नाही. पाठ धुतली की पाठीतलं बळ जातं,
असं सगळेच मानत, धर्मोपदेशकसुद्धा.
पाठीवर काळा पट्टा, तिच्या जन्माच्या आधीपासूनचा.
"मी अकराची होते. त्याला दारावरून काढलेल्या
फळीवर ठेवून आणलं, इथे, तुम्ही उभे आहात तिथे..."
लाल जॅकेटवाला एक पाऊल सरकला.
"...आणि आईनं पाणी तापवलं,
त्याला कुशीवर केलं
आणि पाठ धुतली.
इतकी गोरी पाठ.
आम्ही कुणी ओळखलीच नसती."

कुत्रा तेवढ्यात भिंतीतून आरपार गेला.
त्याला कुणी काही म्हणालं नाही.

कॅलमनं घड्याळ पाहिलं नाही, हे मी पाहिलं.
पुढे चर्च होतं, जे आता गालिच्यांचं दुकान आहे,
आणि चहा, जो तिकिटात धरलेला.
निघताना मेव्हिसनं परसातून
तीन लालसर दांडे पिळून उपटले,
पानं मोडून फेकली,
दांडे त्याच्या फोटोंवर ठेवले.
"पानं विषारी असतात, कुणी सांगितलंय का तुला?
आणि साखर घालताना हात आखडू नकोस.
इथली माती आंबट आहे."