घर तुझंच, बिड्डा

देगलूरच्या कोर्टात दुभाषाचं काम करते,
सत्तावीस वर्षं, मानधन हजेरीवर.
आई मदनूरची, बाप इथला,
म्हणून माझ्या तोंडाला दोन दारं
आणि दोन्ही दारांत मीच उभी.

दुपारी साहेब जेवायला उठले की
मी एक पुस्तक उघडते, पान दुमडलेलं.
त्यात तळ्यावरचं शहर आहे.
पाण्यात चिखल रचून शेतं केलेली,
बाजारात सुट्टे म्हणून कोकोच्या बिया
(सालीत माती भरून खोट्याही चालवत,
वाचून हसू आलं).
कोळ्याच्या पोरालाही शाळा सुटत नसे.
आणि जिंकलेल्या गावांकडून दरसाल
कापूस, पिसं, माणसं.
माणसं देवळाच्या पायऱ्या चढत.
उतरत नसत.
म्हणून समुद्रावरून परके आले
तेव्हा शेजारी त्यांच्या बाजूनं चालत आले
ह्याचं मला नवल वाटलं नाही.
भावकीचे खटले मी रोज ऐकते.

त्यांच्या भाषेत राजाला म्हणत ‘बोलणारा’.
चित्रात, जो बोलतो त्याच्या ओठांपुढे
एक वळलेली खूण, आपल्या स्वल्पविरामासारखी.
एका चित्रात दोन टोळक्यांच्या मधोमध
एक बाई.
बहुतेक सगळे स्वल्पविराम तिच्याजवळ.

तिला घरच्यांनीच विकली म्हणे.
पुढे वीसजणींत मोजून, कापडासोबत,
दाढीवाल्यांना दिली.
बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची कुणाला मुभा नव्हती.
तिला बघावंच लागलं.
ओठ न बघता उलथा कसा करणार?

तो म्हणाला, दमून आलात, टेका.
हे आसन तुमचंच. घर तुमचंच.
एवढं तर आपणही म्हणतो,
जप्तीला आलेल्या बेलिफालाही म्हणतो.
पलीकडे कागदावर उतरलं:
राज्य दिलं.

इथं मी पुस्तक मिटते.

पिंजऱ्यात पोचम्मा बोईनवाड होती.
वकिलानं विचारलं, पुतण्याला काय म्हणालात?
ती म्हणाली, ‘इल्लु नीदे, बिड्डा.’
मी शब्दाला शब्द ठेवला:
घर तुझंच आहे, लेकरा.
टंकलेखकाची बोटं चालली.
पाव्हण्याला पाणी देताना म्हणायचं वाक्य
मशीनमधून निघालं तेव्हा त्याला आवाज नव्हता,
पदर नव्हता, पाण्याचा तांब्या नव्हता.
मी सांगू शकले असते, साहेब, हे असं नसतं.
पण दुभाषानं आपलं बोलायचं नसतं.
का भाडं चुकेल म्हणून गप्प बसले,
तेही नीट आठवत नाही.

पुढल्या पानावर त्या शहरात देवी येतात.
आमच्याकडे त्या तापाला आई म्हटलं,
दाराला लिंब बांधला, लेकींना नावं दिली,
पोचम्मा हे त्यातलंच.
त्यांना तो ताप नवा होता.
घराघरात सगळेच आडवे,
पाणी मागणारा होता, उठणारा नव्हता.
कण्हणं मात्र
कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

निकाल पुतण्याकडून लागला.
पोचम्मा व्हरांड्यात माझी वाट बघत उभी,
ओच्यात दोन सीताफळं, डोळे उघडलेली.
माझ्या हातावर ठेवली.
‘मंचिगा चेप्पिनव्,’ म्हणाली.
छान सांगितलंस.

हा उलथा मी आजवर कुणाला दिलेला नाही.