पुढील सूचनेपर्यंत

कुवेतमध्ये आठवडा रविवारी उघडतो.
मी टायपिंगचं दुकान उघडलं, प्रिंटरमध्ये कागद भरले,
आणि समोर बघतो तर दूतावासाच्या फाटकावर
एकच कागद, चारी बाजूंनी चिकटपट्टी:
सुरक्षेच्या कारणास्तव बंद. पुढील सूचनेपर्यंत.

रांग मात्र आली होती.
रांगेला कोण सांगणार?
ती पहाटे चारला निघते, जहराहून, फहाहीलहून,
एका दिवसाचा पगार खिशातून काढून.

गणबहादूर एरवी फाटकाच्या आत असतो,
आज बाहेर उभा.
"साहेबलोक घरी आहेत. सुरक्षित आहेत."
आणि तू?
"माझी ड्यूटी आहे."

सदानंद कळंबटे, क्रेन चालवायचा, गाव संगमेश्वर,
गुरुवारी रात्री झोपला तो झोपलाच.
त्याचा मेहुणा माझ्या बाकड्यावर बसून
अर्ज भरून घेत होता. मृताचे नाव. पासपोर्ट क्रमांक.
एक शिक्का हवा होता,
आणि शिक्का आतल्या ड्रॉवरात होता,
सगळ्यांत सुरक्षित.

मी त्या दिवशी फार तावातावाने बोललो.
कुणीतरी कुठेतरी फोनवर काही पुटपुटलं
आणि एवढ्या जाड भिंती घाबरल्या!
काचेतून गोळी जात नाही म्हणे, मग?
त्याची बायको तिकडे चूल न पेटवता बसली आहे,
तिला काय कळवू? धमकी आली आहे, थांबा?
मेहुणा म्हणाला, "चौगुलेभाई, हळू."
नरसम्मा, मालकिणीकडून पळून आलेली,
अंगावरच्या कपड्यांशिवाय कागद नाही की पत्र नाही,
ती काहीच बोलली नाही.
बंद दार तिला नवं नव्हतं.

सोमवार. मंगळवार. ऊन.

बुधवारी दुपारी भिंतीलगत एक पिशवी दिसली.
निळी. तोंडाला गाठ.
"किसका है?" गणबहादूरने विचारलं,
मग अरबीत, मग नुसतं ओरडून,
कुठल्याच भाषेत नाही.

मी शटर ओढलं.
विचार वगैरे नाही. हात आधी गेला.
अंधारात पंखा फिरत राहिला
आणि बाहेरून पत्र्यावर थाप पडली,
उघड्या तळव्याची,
एक, दोन,
मग नाही.

अकरा मिनिटं. प्रिंटरवरच्या घड्याळात मोजली.

पिशवीत निघाली छातीची एक्स-रे फिल्म,
कुणा बंगाली पोराची, फुप्फुसं अगदी स्वच्छ,
आणि दोन खबूस, फडक्यात गुंडाळलेले.
सगळे हसले. शटर वर करताना मीही हसलो.
नरसम्मा तिथे नव्हती.
रांगेतली माणसं बदलत असतात,
असं मी स्वतःला सांगतो,
दुपारी गिऱ्हाईक नसलं की जरा जास्तच वेळा.

पुढच्या रविवारी फाटक उघडलं.
खिडकीतला कारकून म्हणाला, "बघा, काही झालं का?"
नाही झालं.
बंद होतं म्हणून नाही झालं,
की होणारच नव्हतं?
मला विचारू नका. बुधवारपर्यंत मला माहीत होतं.
पिशवी उघडल्यावर कुणीही शहाणा होतो,
मी घाबरलो ती न उघडलेली पिशवी होती
आणि तिच्यात काय होतं
ते आता कुणालाच कळायचं नाही.

कळंबटे अकराव्या दिवशी रात्री विमानात चढला, मालाच्या भागात.
दहावा कुठल्या दिवसापासून धरायचा
यावर गावी वाद झाला, मेहुण्याने फोनवर सांगितलं.

मी शटरला नवी कडी करून घेतली,
बाहेरूनही उघडेल अशी.
वेल्डिंगवाला पठाण हातातली कांडी थांबवून म्हणाला,
"मग चौगुले, बंद कशाला करतोस?"

मी पैसे मोजून दिले.
अर्धा दिनार त्याने परत केला.