एक लाख एकतीस हजार एकाहत्तर

वूच. त्यांच्या भाषेत याचा अर्थ होडी,
आणि नदी म्हणाल तर
गिरणीवाल्यांनी ती केव्हाच जमिनीखाली घातली.
तिच्या डोक्यावर आमचा तिसरा मजला,
रेडिएटर एक, सोल्डरिंगच्या इस्त्र्या तीन,
फेब्रुवारीत हात शेकायला इस्त्र्याच बऱ्या.

झेनोबियुशच्या बिस्किटांच्या डब्यात
बावीस चिपा, काळ्या, चाळीस पायांच्या,
वाळून कडक झालेल्या गोमांसारख्या.
सतरा जिवंत.
कधीकाळी यांनी टीव्हीत रॉकेटं उडवली.
त्यांना आता दमवायचं नाही
म्हणून आम्ही त्यांची नक्कल करतो:
ॲल्युमिनियमची पट्टी, सहा नॉब, अकरा भोकं,
चार आवाज आणि एक खरखर.

पहिला बोर्ड आरशातला छापून आला.
दुसऱ्यात मी एक पाय जोडायला विसरले.
तिसऱ्यातून धूर.
चौथा बोलला.
दोब्रोख्ना म्हणाली, बोलला कुठे, शिंकला.

आता खरखरीचं.
ती खोटी आहे.
आत सतरा खण, प्रत्येकात हो किंवा नाही.
घड्याळाचा ठोका पडला की सगळे एक घर सरकतात,
रिकाम्या खणात येऊन बसतो
दोघांच्या भांडणाचा निकाल.
एक लाख एकतीस हजार एकाहत्तर ठोके,
की पुन्हा पहिल्यापासून, काना-मात्रेचाही फरक नाही.
जुनी चिप हे पाठांतर
सेकंदात तेरा-चौदा वेळा म्हणून टाकते
आणि आपण ऐकतो: वारा. स्फोट. समुद्र.

मी घड्याळासाठी बाहेरून एक भोक ठेवलं.

शुक्रवारी वाजवायला बसलो.
दोब्रोख्नाचा खर्ज टेबलाखालून,
झेनोबियुश नॉब फिरवतो तिजोरी उघडल्यासारखा,
कान पुढे, तोंड किंचित उघडं.
मी ठोका हळू करत गेले.
समुद्राच्या लाह्या झाल्या,
लाह्यांचे बूट, जिन्यावरून उतरणारे,
मग मध्येच कुठेतरी
झेनोबियुशनं माझं मनगट धरलं.
थांब. इथे थांब.
खाली, दुसऱ्या मजल्यावर, सव्वीस वर्षं
आईनं हेच ऐकलं.
म्हणजे, नंतर नाहीच ऐकलं.
मी खेळायचो तेव्हा ती टीव्हीवर तळहात ठेवायची
आणि मी मेलो की माझ्याआधी तिला कळायचं.

कोणी काही बोललं नाही.
खर्ज चालू होता, तो तसाच चालू राहिला.

रात्री आठ चाळीसला मी ठोका आणला
सेकंदाला एकावर.
खरी चिप इतक्या संथपणात सगळं विसरते,
आमची नक्कल विसरत नाही.
सुरुवातीला सलग सतरा होकार,
ठक ठक ठक, सतरा,
मग तुटक, मग काहीच्या काही.
असे सतरा साऱ्या फेरीत एकदाच.
दोब्रोख्नानं पाकिटामागे हिशेब मांडला:
छत्तीस तास, चोवीस मिनिटं, एकतीस सेकंद.
रविवार, सकाळी नऊ वाजून चार.
तसंच ठेवून दार ओढलं.

ठरलं नव्हतं, तरी रविवारी तिघंही हजर.
कोणीतरी पाव आणला, मीठ कोणीच नाही.
नऊ तीन.
नऊ चार.
बोटं मोजायला तयार.
ठक. ठक.
काही नाही.
ठक.
नऊ सहाला दोब्रोख्ना म्हणाली, बेरीज बरोबर आहे.
नऊ दहाला पुन्हा म्हणाली.

दारात बादली घेऊन लेओकाडियाबाई.
हो, काल झाडलं मी.
व्हॅक्यूमला दुसरं प्लग कुठे आहे तुमच्याकडे?
काढलं, परत लावलं. चालू आहे ना?
किती वाजता, बाई?
त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आठवत.
अंधार होता, म्हणाल्या.
फेब्रुवारीत.

झेनोबियुश इतका हसला की त्याला खोकला आला.
दोब्रोख्नानं पाकीट उलटं करून त्यावर पाव ठेवला.
आज रात्री असेल, उद्या पहाटे असेल,
आता ते यंत्रालाही विचारून उपयोग नाही.
मी एक केबल ओढली, खर्ज जागा केला,
अगदी हळू, म्हणजे सतरा आले
तर ऐकू यावेत.
बाईंनी बादली खाली ठेवली.
ठक.
काही नाही.
काही नाही.
ठक ठक.